दोन नर, दोन माद्या आणि रात्री अकरापर्यंतची ट्यूबलाइट

पत्र थोडक्यात असं. नाशिककडच्या एका वाचक ताईंनी मुलीच्या हट्टापायी दोन महिन्यांपूर्वी आठवडी बाजारातून जपानी लाव्यांची महिनाभराची चार पिल्लं आणली. विकणाऱ्याने ‘दोन जोड्या’ म्हणून दिली. पिंजरा गॅलरीत असतो, दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच. खायला बाजरी आणि तांदळाची कणी. महिनाभर सगळं छान चाललं, रोज दोन अंडी मिळू लागली. मग शेरू नावाचा नर बाकीच्यांवर धावून जाऊ लागला. दुसरा नर, राजा, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. मोती नावाच्या मादीच्या डोक्यावरची पिसं आधी गेली आणि गेल्या रविवारी रुपयाएवढी कातडी फाटली. ताईंनी हळद दाबली, रात्रभर तिला खोक्यात ठेवलं, पण ती सारखी ओरडत होती म्हणून सकाळी परत पिंजऱ्यात सोडलं. दुपारपर्यंत जखम पुन्हा उघडी पडली आणि एक डोळा सुजून मिटला. सासूबाई म्हणतात शेरूला खाटकाकडे द्या. यजमान म्हणतात डोंगरावर सोडून देऊ. विकणारा म्हणतो, आणा, चोच कापून देतो. ताई विचारतात: जखमेवर काय लावू? शेरूचा खुनशीपणा कसा घालवू? आणि जोडी मोडली तर पाप लागेल का?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण ती आजच करायची आहे. मोतीला पिंजऱ्यात परत सोडू नका. ती कितीही ओरडली तरी सोडू नका. कोंबडीच्या जातकुळीतल्या सगळ्याच पक्ष्यांची नजर लाल ठिपक्यावर जाते आणि नजर गेली की चोच जाते. उघड्या जखमेची मादी पिंजऱ्यात आली की शेरूच काय, गरीब वाटणारी तुमची दुसरी मादी राणीसुद्धा तिथे टोचणार. माझ्याकडे पहिल्याच वर्षी अशी एक मादी जखमी झाली होती. तिसऱ्या दिवशी खपली धरली, मला वाटलं झालं बरं, आणि मी तिला सोडलं. देवपूजा आटोपून गॅलरीत आले तेव्हा डोक्याचं हाड दिसत होतं. ती वाचली नाही. त्या दिवसापासून मी डोक्याच्या जखमेला पंधरा दिवसांच्या आत ‘बरी झाली’ म्हणत नाही.

दुसरं, तो सुजलेला डोळा. कातडीची जखम घरी सांभाळता येते, डोळ्याची नाही. आज उद्या न करता तिला पशुवैद्यकांकडे न्या. पक्ष्यांचे डॉक्टर मिळत नाहीत असं पुष्कळ जण लिहितात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्यांवर उपचार होतात आणि लावा हा कोंबडीचाच धाकटा भाऊबंद आहे. इतर वाचकांसाठी सांगते, परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे चौकशी करा. घरात उरलेले माणसांच्या डोळ्यांचे थेंब मात्र घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल, तर डोळा हातचा जाईल.

आता जखमेचं. हळद लावली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. बोट कापलं तरी आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण एवढ्या मोठ्या उघड्या जखमेवर कोरडी पूड दाबली की तिचा लगदा होऊन वाळतो, घाण आत कोंडते आणि पिवळ्या थराखाली कातडी लाल आहे की काळी पडली आहे ते आपल्यालाच दिसत नाही. चुना तर मुळीच नको, तो भाजतो. डेटॉल आणि स्पिरिटही नको.

जखम धुवायची ती मिठाच्या पाण्याने. मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते, नाहीतर लिटरभर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ घाला. मोतीला जुन्या मऊ टॉवेलमध्ये गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. इथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच हवा आतबाहेर होते. घाबरून आपण छाती आवळून धरली तर नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. म्हणून पंख अंगाशी मिटलेले राहतील एवढंच धरा, छातीखाली बोटं सैल ठेवा. मग सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू जखमेवर सोडा. हळदीचा थर ओढून काढू नका. दोन-तीन वेळा भिजवलात की तो आपसूक सुटेल. शेवटी पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिकट कोऱ्या चहाच्या रंगाचं करा आणि कापसाऐवजी गॉजने टिपा, कापसाचे तंतू जखमेत अडकतात. दिवसातून दोन वेळा एवढं पुरे. तेल किंवा तेलकट मलम चोपडू नका, पिसं चिकटली की पक्षी गारठतो. ठणका थांबवणारी, सुन्न करणारी माणसांची मलमं एवढ्याशा जिवाला झेपत नाहीत. पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका. दुखण्यावर औषध लागलं तर ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यावं.

पुन्हा रक्त आलंच तर स्वच्छ गॉज दाबून धरा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं उचलू नका. दर दहा सेकंदांनी ‘थांबलं का’ म्हणून पाहिलं की गुठळी मोडते. दीडशे ग्रॅमच्या लाव्याच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम दोन-सव्वादोन चहाचे चमचे. त्यातलं अर्धा चमचा गेलं तरी तो गळून जातो. फरशीवर चार थेंब दिसले तर ते आपल्या मापाने चारच असतात, तिच्या मापाने नाही.

राहायला बुटांचं खोकं चालेल. तळाला जुनी सुती साडी, एका बाजूला बाहेरून गरम पाण्याची बाटली, म्हणजे ऊब नको वाटली तर तिला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. आत २८ ते ३० अंश ऊब राहिली की बास. पाणी बाटलीच्या झाकणात, त्यात चार खडे, म्हणजे तोंड बुडणार नाही. खायला भिजवलेलं खाद्य आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड हवंच. माशी जखमेवर बसली तर दुसऱ्या दिवशी अळ्या होतात आणि अळ्या झालेली जखम घरी निस्तरत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी तपकिरी, काळपट, कोरडी खपली दिसेल. ती चांगली, तिला हात लावू नका. वास यायला लागला, कडा हिरवट झाल्या किंवा कातडीखाली घट्ट गोळा लागला, तर डॉक्टर. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. तो वाहत नाही, म्हणून ‘पू नाहीये’ असं वाटून लोक फसतात. पिसं गेली असतील तिथे ती महिना-दीड महिन्यात परत येतात, पण कातडीच गेली तिथे टक्कल कायमचं राहू शकतं. तुमच्या मुलीला हे आत्ताच सांगून ठेवा.

आता शेरू.

तुम्ही त्याला चार ठिकाणी खुनशी म्हटलंय. तुमचा राग मला कळतो, सुजलेला डोळा पाहून कोणालाही येईल. पण तुमचंच पत्र मी परत वाचलं तेव्हा मला त्यात शेरूच्या स्वभावापेक्षा पिंजऱ्याचा हिशेब जास्त दिसला. जपानी लाव्याचा नर सहा-आठ आठवड्यांत वयात येतो. तुम्ही आणला तेव्हा तो पोर होता, महिनाभराने तो नर झाला, आणि तुमच्याकडची भांडणं नेमकी तेव्हापासूनची. वयात आलेला नर एका मादीवर दिवसातून अनेकदा चढतो आणि दर वेळी तिच्या डोक्याची पिसं चोचीत पकडतो. मोतीचं डोकं आधी टकलं झालं ते मारामुळे नव्हे, यामुळे. म्हणूनच लावे पाळणारे एका नरामागे तीन ते पाच माद्या ठेवतात, म्हणजे भार वाटला जातो. तुमच्याकडे दोन नरांमागे दोन माद्या आहेत, आणि राजाला दूर ठेवण्याचा जोर शेरू त्या दोघींवर काढतो. नर आपसात किती त्वेषाने भांडतात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. लखनौच्या नवाबी काळात बटेरबाजी, म्हणजे लाव्यांची झुंज, चालायची ती नर लाव्यांच्या याच गुणावर. आता प्राण्यांना झुंजवणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. दीड फुटाच्या पिंजऱ्यात दोन नर ठेवले की तुमची-माझी इच्छा नसताना तीच झुंज घरात सुरू होते.

त्यात भर आहे ती उजेडाची. तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलगी गॅलरीत अभ्यास करते म्हणून ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू असते. ते वाक्य वाचून मी थबकले. लाव्याचं शरीर ऋतू ओळखतं ते दिवसाच्या लांबीवरून. उजेड बारा तासांच्या वर गेला की त्याला विणीचा हंगाम आला असं वाटतं, नराची वृषणं वाढतात, अंगात मस्ती येते. तुमच्या शेरूला गेले दोन महिने सतरा तासांचा दिवस मिळतोय, म्हणजे त्याचा हंगाम संपतच नाहीये. याची खूण तुम्हाला स्वतःला पाहता येईल. त्याच्या शेपटीखाली बोराच्या बीएवढा लालसर फुगवटा असेल आणि हलकेच दाबला तर साबणासारखा पांढरा फेस येईल. तो त्याच्या मस्तीचा काटा समजा. आजपासून संध्याकाळी सहाला त्याच्या पिंजऱ्यावर जाड काळं कापड टाका, सकाळी आठला काढा. आत खरोखर अंधार झाला पाहिजे, झिरझिरीत ओढणीचा उपयोग नाही, आणि हवेला बाजू मोकळी ठेवा. दहा तासांच्या दिवसावर तीन-चार आठवड्यांत तो फुगवटा आकसतो, आरवणं कमी होतं आणि अंगावर धावून जाणंही. माद्यांवरही हेच केलंत तर त्यांची अंडी थांबतील. ते वाईट नाही, त्यांनाही विश्रांती मिळेल, पण मुलगी रोज सकाळी अंडं शोधायला जाते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधीच सांगते.

खाण्याकडेही पाहा. दीडशे ग्रॅमची मादी दहा ग्रॅमचं अंडं देते. स्वतःच्या वजनाचा पंधरावा हिस्सा ती रोज अंगातून काढून ठेवते. त्यासाठी खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. बाजरीत अकरा-बारा आहेत, तांदळाच्या कणीत सात-आठ. ही तूट पक्षी एकमेकांची पिसं उपटून भरून काढतात, कारण पीस म्हणजे प्रथिनंच. पोल्ट्रीच्या दुकानात पिल्लांचं बारीक ‘स्टार्टर’ खाद्य मिळतं ते आणा, जोडीला वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा. बाजरी मूठभर, वरचा खाऊ म्हणून.

आणि उंची. दीड फूट ही लाव्यासाठी सगळ्यात वाईट उंची. घाबरला की तो सरळ वर उसळतो, आणि दीड फुटात त्याला डोकं फुटण्याएवढा वेग मिळतो. एकतर छत फूटभराच्या आत घ्या, नाहीतर माणूस उभा राहील एवढं उंच करा. सध्या वरून आतल्या बाजूला जुनी गोधडी ताणून बांधा. मोतीच्या जखमेत याचाही वाटा असू शकेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न. जोडी हा शब्द तुम्हाला विकणाऱ्याने दिला. कबुतरं, राघू यांच्याकडे पाहून आपल्या मनात पक्षी म्हणजे जोडीनेच राहायचा असं बसलेलं असतं, आणि जोडी तोडणं हे आपल्याकडे फार मोठं पाप. तुमची भावना मी हलकी करत नाही. पण शेरू आणि मोतीची जोडी लागलेलीच नव्हती. त्याला जी मादी समोर दिसेल ती त्याची. मोती त्या रात्री ओरडत होती हे खरं, कळपातला पक्षी एकटा पडला की ओरडतो. पण तिला आवाज हवा होता तो राणीचा, आणि तो तिला पिंजऱ्याच्या जाळीतूनही मिळेल. खोकं राणीच्या पिंजऱ्याला लावून ठेवा, मध्ये बारीक जाळी. एकमेकींना पाहतील, ऐकतील, चोच पोचणार नाही. आणि अंड्यासाठी नर लागतो हा समजही सोडून द्या. नराविना मादी तशीच रोज अंडं देते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही.

घरच्यांच्या सूचनांवर माझं मत स्पष्ट आहे. डोंगरावर सोडणं म्हणजे मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड. जपानी लावा आपल्या रानातला नव्हे, तो १९७४मध्ये उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात अंडी-मांसासाठी आणला गेला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला मांजर, मुंगूस, घार काही ठाऊक नाही. शिवाय आपल्या आजारांसकट तो रानातल्या लाव्यांत जाईल. (रानातले लावे पकडून पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बाजारात कोणी ‘गावठी लावा’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.) चोच कापून घेऊ नका. चोच म्हणजे नख नव्हे, आतल्या भागात नसा आणि रक्त असतं, आणि कापूनही त्याचा उजेड, जागा, माद्यांची संख्या तीच राहते. सासूबाईंना मी दोष देणार नाही. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांनी मारका कोंबडा असाच संपवला, कारण बाकीच्या कोंबड्या वाचवायच्या होत्या. पण तुमच्या मुलीने त्याला नाव दिलंय, आणि त्याच्या मस्तीचं कारण आपल्या हातात आहे. आधी ते काढून पाहू.

मी तुमच्या जागी असते तर दोन्ही माद्या एकत्र ठेवल्या असत्या आणि शेरूला व राजाला वेगवेगळ्या खणांत, मध्ये पुठ्ठा, म्हणजे एकमेकांना दिसणारही नाहीत. प्रत्येकाला किमान एक चौरस फूट जागा, धूळ-आंघोळीला कोरड्या बारीक वाळूचं ताट, लपायला आडवं ठेवलेलं मडकं. आणखी तीन-चार माद्या आणून प्रमाण जुळवा असंही सांगणारे भेटतील. हिशेब बरोबर आहे, पण गॅलरी तेवढीच आहे, म्हणून मी ते सुचवत नाही. राजाला कोणी खात्रीचं, पाळणारं घर मिळालं तर जरूर द्या, त्याचं आयुष्य सध्या भीतीतच चाललंय.

मोती पूर्ण बरी झाली, म्हणजे खपली आपोआप पडली आणि खाली गुलाबी नव्हे, कातडीच्या रंगाची कातडी आली, की तिला राणीकडे सोडायचं. त्या दिवशी पिंजरा आतून बदला. मडकं, ताट, खाद्याची वाटी यांच्या जागा हलवा, म्हणजे राणीलाही तो नवा वाटेल आणि ती ‘माझी जागा’ म्हणून अंगावर जाणार नाही. दिवेलागणीला सोडा, लगेच अंधार करा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असं बघा, कारण सकाळचा पहिला तासभर तुम्ही तिथे बसायला हवं. एखादी टोच चालते. पाठलाग करून टोचणं चालत नाही, लगेच पुन्हा जाळी.

डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर मोतीची अंडी त्यांनी सांगेपर्यंत खाऊ नका. पक्ष्याला हात लावल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मुलीनेही. आणि मुलीला एक काम द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करायचं, त्यात मोतीला रुमालात गुंडाळून बसवायचं आणि रोज सकाळी त्याच वेळी वजन वहीत लिहायचं. पक्षी दुखणं लपवतो, खाल्ल्यासारखं करून दाणे नुसते उडवतो, पण काटा फसत नाही. समजा उद्या ती १५० भरली आणि पुढे कधी १३५च्या खाली गेली, तर जखम वरून कितीही छान दिसत असली तरी माझ्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नका, वही आणि मोती दोन्ही घेऊन दवाखान्यात जा.